अग्निशमन दलाचं ध्येय आणि उद्दिष्टं कशी लिहायची: छोट्या शहरासाठी टप्प्याटप्प्यानं

'नागरिकांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.' अग्निशमन केंद्राच्या भिंतीवर असं वाक्य हमखास सापडतं आणि त्यात चूक काहीच नाही. पण उद्या सकाळी कुणी काय करायचं, हे त्या वाक्यावरून कळत नाही. नवा बंब घ्यायचा, की उभ्या असलेल्या बंबाला आधी चालक द्यायचा? पुरासाठी बोट, की बाजारपेठेतल्या गल्ल्यांसाठी छोटी गाडी? पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर कुठली निवडायची, हे ज्या कागदावरून ठरतं तो उद्दिष्टांचा कागद.

हा कागद बहुतेक ठिकाणी उलट्या बाजूनं तयार होतो. वरून पत्र येतं, प्रस्तावासोबत 'ध्येय व उद्दिष्टे' जोडा. मग मोठ्या महापालिकेचा मजकूर उतरवून त्यात गावाचं नाव घातलं जातं. परिणामी चार मजल्यांच्या शहराच्या उद्दिष्टांत गगनचुंबी इमारतींची शिडी येते आणि दर दोन-तीन पावसाळ्यांनी दारात येणारी नदी राहून जाते.

पुढची रीत अग्निशमन अधिकारी, मुख्याधिकारी किंवा उपायुक्त, सभागृहातले सदस्य आणि पाठपुरावा करणारी नागरिक मंडळं यांच्यासाठी आहे. उदाहरण सांगलीचं घेतलंय. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका असली तरी तिघांचे धोके तीन तऱ्हांचे आहेत, म्हणून शिकायला हे गाव चांगलं. इतरांनी पद्धत घ्यावी, मजकूर उचलू नये.

सुरुवात कधी करायची

अंदाजपत्रकाची जुळवाजुळव डिसेंबर-जानेवारीत होते. त्यामुळे उद्दिष्टांचा मसुदा नोव्हेंबरअखेर हातात हवा आणि त्याआधीचे टप्पे दिवाळीपूर्वी आटोपलेले हवेत. मार्चमध्ये लिहिलेल्या उद्दिष्टांना पैसा मिळत नाही. ती पुढच्या वर्षापर्यंत फायलीत राहतात आणि तोवर अधिकारी बदललेला असतो.

कामाला तीन माणसं पुरतात: दलातला एक अनुभवी अधिकारी, लेखा विभागातला एक जण आणि प्रत्यक्ष बंब चालवणारा चालक. चालकाला हमखास वगळलं जातं. कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

## टप्पा १: वर्दी रजिस्टर बाहेर काढा

पहिला दिवस जुन्या नोंदींचा. मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी आलेले फोन आणि निरोप, एका तक्त्यात उतरवा. संगणक असेल तर उत्तम, नसेल तर आखीव वही चालेल. प्रत्येक वर्दीसमोर हे रकाने हवेत:

- तारीख, वार आणि वर्दी मिळाल्याची वेळ
- गाडी केंद्राबाहेर पडल्याची वेळ
- जागेवर पोहोचल्याची वेळ
- पाण्याचा पहिला फवारा कधी सुरू झाला
- ठिकाण (वॉर्ड नको, चौक किंवा गल्ली)
- प्रकार: घर, दुकान, गोदाम, कारखाना, वाहन, कचरा, उसाचा फड, झाड पडणं, पाण्यात माणूस अडकणं, प्राणी सोडवणं, खोटी वर्दी
- कोणती गाडी गेली आणि तिच्यात किती माणसं होती

रजिस्टरमध्ये पहिल्या दोन वेळा बऱ्याचदा एकच सापडतात. फोन आला ९.१०, गाडी सुटली ९.१०. असं घडत नाही. नोंद नंतर सावकाश लिहिली गेली, एवढाच त्याचा अर्थ. अशा नोंदी खोडू नका, बाजूला खूण करा. शंभरातल्या साठ नोंदी अशा निघाल्या तर तुमचं पहिलं उद्दिष्ट तिथेच ठरलं: येत्या तीन महिन्यांत वेळा खऱ्या लिहायला लागणं. त्याशिवाय 'प्रतिसादाचा वेळ कमी करू' म्हणणं पोकळ आहे.

तक्ता भरला की तो वेगवेगळ्या बाजूंनी चाळा. महिन्यानुसार लावला तर फेब्रुवारी ते मे या काळात पाचट, गवत आणि कचऱ्याच्या वर्द्या उठून दिसतील. तासानुसार लावला तर कोणत्या पाळीवर ताण येतो ते कळेल. ठिकाणानुसार लावला तर चार-पाच जागा पुन्हा पुन्हा वर येतील, आणि त्या जागा बहुधा सभागृहात चर्चा होते त्या नसतात.

सावधान: वर्द्यांच्या संख्येवरून महत्त्व ठरवू नका. कचरा पेटल्याच्या वर्द्या सर्वांत जास्त असू शकतात, त्यात सहसा कुणी दगावत नाही. रुग्णालयातली वर्दी दहा वर्षांत एकदाच येईल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. अशी घटना तुमच्या तीन वर्षांच्या तक्त्यात दिसणार नाही. त्यासाठी पुढचा टप्पा आहे.

## टप्पा २: शहर फिरून धोक्यांची यादी करा

हा टप्पा खुर्चीत बसून होत नाही. नकाशावर गल्ली बारा फुटांची दिसते. संध्याकाळी सात वाजता हातगाड्या, दुकानांचे पत्रे आणि उभ्या दुचाकी वजा केल्या की सहा फूट उरते. म्हणून बाजारपेठेत फिरायचं ते गर्दीच्या वेळी, आणि शक्य असेल तर खरा बंब घेऊन. तो जिथे अडेल तिथे खडूनं खूण करा, तिथून पुढे होज (पाण्याचा पाइप) किती लांब टाकावा लागेल ते पावलांनी मोजा.

सांगलीत मी ही यादी पाच भागांत केली असती.

जुनी बाजारपेठ. गणपती पेठ, कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड. खाली दुकान, वर माळा, मागे राहणारं कुटुंब आणि बाहेर पडायला अनेकदा एकच जिना. दुकान बंद करून शटर ओढलं की आतली आग धूर बाहेर येईपर्यंत कळत नाही. इथे तीन गोष्टी लिहून घ्या: गाडी कुठपर्यंत जाते, वीज तोडायला कुणाला फोन करायचा, आणि माळ्यावर झोपणारे कामगार कुठल्या इमारतींत आहेत. तिसरी माहिती शेजारच्या चहावाल्याकडे मिळते.

मार्केट यार्ड आणि गोदामं. हळद, गूळ, बेदाणा, बारदान. बारदानाच्या थप्पीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. थप्पी उपसल्याशिवाय ती जात नाही, म्हणजे तिथे माणसं आणि फावडी जास्त लागतात. शिवाय हळदीवर नको तितकं पाणी मारलं तर आगीतून वाचलेला मालही जातो. शेजारच्या थप्प्या ताडपत्रीनं झाकणं हेही दलाचंच काम आहे. ते यादीत लिहिलं तर ताडपत्र्या खरेदी होतात, नाहीतर होत नाहीत.

हळदीची पेवंही याच यादीत घाला. हरिपूरकडची पेवं म्हणजे जमिनीखालचे बंद खड्डे. आत प्राणवायू कमी असू शकतो, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. विहीर, गटाराचं मॅनहोल, मळीची टाकी, सगळीकडे गत तीच. या ठिकाणी श्वसन उपकरण, दोरखंड आणि वर थांबणारा माणूस यांशिवाय कुणीही उतरायचं नाही, असा नियम उद्दिष्टांत यायला हवा.

कुपवाड औद्योगिक वसाहत. कोणत्या कारखान्यात काय साठवलंय, पाणी चालेल की फोम लागेल, रात्रपाळीत किती माणसं असतात. शीतगृहं असतील तर अमोनिया वापरतात का, तेही विचारा. अमोनियाच्या गळतीत वारा कुठे वाहतो ते पाहूनच गाडी उभी करावी लागते.

मिरजेतली रुग्णालयं. स्वतः चालू न शकणारी माणसं आणि प्राणवायूची नळी, हे दोन्ही एका छताखाली. मजला, खाटांची संख्या, अतिदक्षता विभाग कुठे आहे आणि रॅम्प मोकळा आहे की त्यावर जुनी कपाटं रचलीत, हे बघून लिहा. मिरज जंक्शन याच फेरीत उरकून घ्या. रेल्वेच्या हद्दीत वीज कोण बंद करतं, हे आधी ठाऊक हवं.

नदी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सखल वस्त्यांत मात्र इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरायला लागतं. त्यामुळे यादीत फक्त 'पूर' असं लिहून भागणार नाही. किती फुटांना कुठली वस्ती, तिथे किती घरं, त्यांत अंथरुणाला खिळलेली माणसं किती, हे लिहा. पाणी चढल्यावर कुठले रस्ते तुटतात आणि केंद्र कुठल्या बाजूला राहतं, तेही लिहा. बंबच पाण्यापलीकडे अडकला तर उरलेल्या शहरात त्या दिवशी लागलेल्या आगीकडे कोण जाणार?

साताऱ्याची यादी अर्थातच वेगळी होईल. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारांवरचे वणवे, चढ-उताराचे अरुंद रस्ते आणि २०२० च्या हद्दवाढीत आलेली उपनगरं. तिथे बोटीपेक्षा पाठीवरचे पंप आणि गवताची आग झोडपून विझवायची झोडपणी जास्त कामाची.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक ठिकाणासमोर 'गाडी कुठपर्यंत', 'पाणी कुठून' आणि 'आधी कुणाला बाहेर काढायचं' या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत का? एक जरी रिकामं असेल तर परत जा.

## टप्पा ३: हाताशी काय आहे ते खरं मोजा

कागदावर चार बंब असतात. एक दुरुस्तीला, एकाची बॅटरी उतरलेली, एकाला चालक नाही. मोजायचं ते आज रात्री दोन वाजता वर्दी आली तर बाहेर पडू शकेल एवढंच.

माणसांचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो. एका बंबावर चालकासह सहा जण धरू. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे कामाचे तास ४८. म्हणजे गाडीतली एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात आणि सहा जागांना २१. त्यात रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की एका बंबामागे साधारण २५ जण होतात. आस्थापनेवर अठरा जण आणि बंब तीन असतील तर एक बंबही चोवीस तास पूर्ण भरत नाही, बाकीचे दोन शोभेचे आहेत. चौथ्याचा प्रस्ताव करण्याआधी हे गणित सभागृहासमोर मांडा.

पाण्याचंही तसंच. बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची आणि नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी जात असेल तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. अकराव्या मिनिटाला पाणी कुठून येणार? हायड्रंट, म्हणजे बंब भरायचा रस्त्याकडेचा नळ, असेल तर चाक फिरवून बघा. डांबराखाली गाडला गेला असेल तर तो 'नाही' म्हणून धरा. पाण्याच्या टाक्या, विहिरी, जलतरण तलाव, नदीचे घाट यांपैकी जिथे गाडी उभी राहून पाणी ओढू शकते तेवढ्याच जागा नकाशावर लावा.

उपकरणांची मोजणी थोडक्यात: श्वसन उपकरणांचे किती सिलिंडर आज भरलेले आहेत, किती होज दाब दिल्यावर गळत नाहीत, किती बूट आणि कोट कुणाच्या मापाचे आहेत. बोटींसोबत लाईफ जॅकेट मोजा, बोटीत बसवता येतील त्या सगळ्यांना पुरतील इतकी. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची खचाखच भरलेली बोट उलटली. तेव्हापासून 'बोटी: ४' एवढीच नोंद पुरेशी मानायचं कारण उरलेलं नाही.

## टप्पा ४: ध्येय एका वाक्यात

इथपर्यंत आल्यावरच ध्येय लिहायला घ्या. एक वाक्य, फार तर दोन. त्यात कुणासाठी, कोणत्या संकटांत आणि कोणत्या क्रमानं, हे यायला हवं.

चालणार नाही असा नमुना: 'अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने जागतिक दर्जाची अग्निसुरक्षा प्रदान करणे.'

चालेल असा: 'सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये आग, पूर आणि अपघातात अडकलेल्या माणसाला प्रथम बाहेर काढणे, मग संकट पसरू न देणे, मग मालमत्ता वाचवणे, आणि आग लागूच नये म्हणून वर्षभर तपासणी व शिक्षण करणे.'

क्रम लिहिणं महत्त्वाचं आहे. जागेवर मालक 'आधी माझा माल काढा' म्हणून ओरडत असतो, तेव्हा फायरमनच्या पाठीशी हे वाक्य उभं राहतं. तपासणीचा उल्लेखही गाळू नका. तो ध्येयात नसला की ते काम 'वेळ मिळाला तर' या सदरात जातं.

तपासणी: वाक्यातून शहराचं नाव काढून दुसऱ्या शहराचं घाला. वाक्य तितकंच बरोबर वाटत असेल तर ते अजून तुमचं झालेलं नाही. 'पूर' हा शब्द गेल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं पाहिजे.

## टप्पा ५: उद्दिष्टं लिहा, पण मोजकी

पाच ते सात. जास्त लिहिली की एकही पाळलं जात नाही. प्रत्येक उद्दिष्टात पाच गोष्टी हव्यात: काय, कुठे, किती, कधीपर्यंत, जबाबदार कोण. 'कोण' म्हणजे पद, 'विभाग' नव्हे.

पोहोचण्याचा वेळ. देशातल्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या शिफारशींत शहरी भागासाठी ५ ते ७ मिनिटं असा प्रतिसादाचा वेळ धरलेला आहे. तो थेट उचलू नका. आधी टप्पा १ मधला तुमचा आकडा बघा. आज दहापैकी नऊ वर्द्यांना तुम्ही चौदा मिनिटांत पोहोचत असाल तर पुढच्या वर्षी अकरा हे खरं उद्दिष्ट. सात लिहिलं तर एक तर ते पूर्ण होणार नाही, नाहीतर रजिस्टरमध्ये खोट्या वेळा पडायला लागतील.

वेळ नेहमी तुकड्यांत बघा: फोन घेणं, गाडी सुटणं, प्रवास, पहिलं पाणी. गाडी सुटण्याचा वेळ पूर्णपणे तुमच्या हातात आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात आगीच्या वर्दीसाठी तो ८० सेकंद धरलाय. आपल्याकडे दोन मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालेल. बूट कुठे ठेवलेत आणि चावी कुणाकडे आहे, एवढ्यानंच बराच फरक पडतो. प्रवासाचा वेळ रस्त्यांवर अवलंबून असतो. चिंतामणीनगरच्या रेल्वे पुलाचं काम निघालं तेव्हा वाहतूक वळवावी लागली. असं काही होणार असेल तर बंबाचा पर्यायी मार्ग काम सुरू होण्याआधी ठरवणं, हेही एका ओळीचं उद्दिष्ट होऊ शकतं.

सरासरी वापरू नका. नऊ वर्द्यांना पाच मिनिटं आणि दहावीला चाळीस, तरी सरासरी साडेआठच येते. ज्याच्याकडे चाळीस मिनिटांनी गाडी गेली त्याचं घर मात्र जळून गेलेलं असतं. म्हणून 'दहापैकी नऊ वर्द्यांना इतक्या मिनिटांत' असंच लिहा.

प्रतिबंध. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तसा दाखला, म्हणजे बी फॉर्म, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. यावरून मोजता येईल असं उद्दिष्ट सहज निघतं: 'मिरजेतल्या यादीवरील सर्व रुग्णालयांचे बी फॉर्म ३१ जानेवारी आणि ३१ जुलैपर्यंत जमा, न आलेल्यांना १५ दिवसांत नोटीस, जबाबदार स्थानक अधिकारी.'

फॉर्म जमा झाला म्हणजे पंप चालतो असं नाही. आलेल्या दाखल्यांपैकी दहातला एक निवडून प्रत्यक्ष पंप चालू करून बघणं, हे त्याच उद्दिष्टात जोडा. कोणता निवडणार ते आधी कळवू नका.

पूर. इथे तारखेपेक्षा पाण्याची पातळी चांगलं काम करते. उदाहरणार्थ: '३१ मेपर्यंत सर्व बोटी व इंजिनं पाण्यात चालवून तपासणे. आयर्विनजवळ पातळी ३० फुटांवर जाताच बोट आणि पथक सखल भागाजवळच्या ठरलेल्या ठिकाणी उभे. पूल बंद होण्याआधी एक बंब पलीकडच्या बाजूला.' फुटांचे आकडे टप्पा २ मधल्या वस्तीवार यादीवरून ठरवा, माझे वापरू नका.

जवानांची सुरक्षा. हे उद्दिष्ट बहुतेक कागदांत नसतंच. धुरात श्वसन उपकरणाशिवाय प्रवेश शून्य, प्रत्येक जवानाचं प्रशिक्षण वर्षातून ठरावीक तास, वार्षिक वैद्यकीय तपासणी. तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरणाऱ्याचं कौतुक होतं. ते थांबवायला हवं. ओल्या रुमालानं कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

लोकशिक्षण थोडक्यात: किती शाळा, किती बाजारपेठा आणि दिवाळीआधी किती फटाका स्टॉलची तपासणी. लोकांना १०१ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक सांगताना आपला पत्ता कसा सांगायचा हेही शिकवा. 'गणपती मंदिराजवळ' एवढ्यावर बंब फिरत राहतो.

ही मापं टाळा:

- 'आगींची संख्या २० टक्क्यांनी कमी करणे.' ती उन्हावर, पावसावर आणि लोकांवर ठरते. कमी झाली तर श्रेय फुकटचं, वाढली तर दोष फुकटचा.
- 'इतक्या कोटींची मालमत्ता वाचवली.' हा आकडा कुणीच तपासू शकत नाही, त्यामुळे तो दरवर्षी फुगतो.
- 'दल सुसज्ज करणे.' कधी झालं म्हणायचं?

## टप्पा ६: काय करणार नाही, तेही लिहा

लग्नाच्या मांडवाला पाणी, रस्ता धुणं, पुतळ्यांची स्वच्छता, दुभाजकातल्या झाडांना पाणी, टंचाईत टँकर म्हणून फेऱ्या. बंब या कामांना गेला की टाकी रिकामी होते, माणसं अडकतात आणि वर्दी आली तर गाडी आधी भरायला जावं लागतं. नाही म्हणणं खालच्या अधिकाऱ्याला जमत नाही, कारण मागणी वरून आलेली असते. म्हणून हे सभागृहानं मंजूर केलेल्या कागदावर हवं.

सरसकट बंदी टिकत नाही, हेही तितकंच खरं. सोय ठेवा: पहिल्या फळीचा बंब कधीही जाणार नाही, जुनी गाडी लेखी मागणीवर, शुल्क भरून आणि फेब्रुवारी ते मे वगळून जाईल. प्रत्येक अशा फेरीची नोंद वर्दी रजिस्टरमध्येच करा. वर्षाअखेरीस तो आकडा सभागृहासमोर ठेवला की पुढच्या वर्षी मागण्या आपोआप कमी होतात.

पतंगाच्या मांजात अडकलेले पक्षी आणि घरात शिरलेले साप यांचं काय, हे प्रत्येक शहरानं ठरवावं. सापासाठी वन विभाग किंवा नोंदणीकृत सर्पमित्र यांच्याकडे वर्दी वळवण्याची व्यवस्था असेल तर तसं लिहा. पक्ष्यांच्या वर्द्या मी ठेवल्या असत्या. शिडीचा सराव होतो आणि लोकांना दल आपलं वाटतं.

## टप्पा ७: प्रत्येक उद्दिष्टाला पैसा आणि माणूस जोडा

आता लेखा विभागातल्या माणसाचं काम. प्रत्येक उद्दिष्टासमोर तीन आकडे: एकदाचा खर्च, दरवर्षीचा खर्च, लागणारी माणसं. एकदाचा खर्च सगळेच लिहितात. बंबाचं डिझेल, टायर, पंपाची देखभाल, श्वसन उपकरणाचे सिलिंडर भरणं आणि त्यांची ठरावीक मुदतीतली दाबचाचणी राहून जाते. मग दोन वर्षांनी नवी कोरी उपकरणं कपाटात पडलेली दिसतात.

ज्या उद्दिष्टाला पैसा लागत नाही त्याला ठळक खूण करा. वेळा खऱ्या लिहिणं, बूट दाराशी ठेवणं, हायड्रंटची चाकं दर महिन्याला फिरवणं, गल्ल्यांची फेरी. यांना मंजुरीची वाट बघायची गरज नाही, सोमवारपासून सुरू करता येतात.

बाहेरच्या निधीसाठीही हाच कागद लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची तरतूद केली. अशा योजनेत 'आम्हाला बंब हवा' यापेक्षा 'या भागातल्या दहापैकी सहा वर्द्यांना आम्ही वेळेत पोहोचत नाही, कारण केंद्र नदीच्या या बाजूला आहे' हे वाक्य जड पडतं.

सावधान: पैसा कापला गेला तर उद्दिष्टही त्या प्रमाणात कमी करून पुन्हा लिहा आणि तसं सभागृहाला कळवा. निम्म्या पैशात पूर्ण उद्दिष्ट तसंच ठेवलं तर दुर्घटनेनंतर चौकशीत तो कागद दलाच्याच गळ्यात येतो.

## टप्पा ८: मंजुरी आणि आढावा

मंजुरीआधी मसुदा तीन ठिकाणी वाचून घ्या: रात्रपाळीतल्या जवानांसमोर, बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांसमोर आणि पूरपट्ट्यातल्या एखाद्या वस्तीत. जवान सांगतील काय जमणार नाही. व्यापारी अतिक्रमणाचा मुद्दा टाळतील, तो तुम्ही काढायचा. वस्तीतले लोक पाणी कुठून आधी शिरतं ते तुमच्या यादीपेक्षा नेमकं सांगतील.

मंजूर झालेला कागद दोन पानांपेक्षा मोठा नको. एक प्रत नियंत्रण कक्षात फोनशेजारी, एक महापालिकेच्या संकेतस्थळावर.

आढावा दर तीन महिन्यांनी, आणि एक जादा आढावा मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी. बैठकीत प्रत्येक उद्दिष्टाला तीनपैकी एकच शेरा: झालं, मागे आहे, सोडून दिलं. 'काम प्रगतिपथावर' हा शेरा वापरायचा नाही. 'मागे आहे' असेल तर त्याच बैठकीत कारण आणि नवी तारीख. 'सोडून दिलं' असेल तर कुणी ठरवलं, तेही लिहा.

मोठी घटना घडली की आढाव्याची वाट बघू नका. आठवड्याच्या आत त्या वर्दीच्या चारही वेळा, कमी पडलेली वस्तू आणि गेलेली माणसं, सगळं एका पानावर उतरवा आणि उद्दिष्टांच्या कागदाला टाचून ठेवा. नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षाचा मसुदा हातात घ्याल तेव्हा पहिल्यांदा ही टाचलेली पानं वाचा.